जांभळ्याखालचा बेज

विकणाऱ्याने गाडीबद्दल चार गोष्टी छातीठोकपणे सांगितल्या होत्या. इंजिन कंपनीने बसवलेलंच, हाताने बदलायचा चार स्पीडचा गिअरबॉक्सही तेव्हाचाच, एअर ग्रॅबर, म्हणजे बॉनेटमधून वर उघडणारी हवेची झडप, कारखान्यातून आलेला, आणि जांभळा रंग मूळचा. यातली एक गोष्ट पक्की खरी निघाली, दोन साफ खोट्या, आणि चौथीचा पुरावा उंदरांनी खाल्ला होता.

गाडी म्हणजे १९७० ची प्लिमथ रोड रनर, दोन दारांची, हार्डटॉप. मी डेट्रॉइटजवळ राहतो आणि गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटी बघतो. कुठला पार्ट कुठल्या बॅचचा, कुठल्या मशिनवर निघाला, कुणी तपासला, याचा माग काढणं हीच रोजीरोटी. त्यामुळे 'माणूस सांगतो म्हणजे खरंच असणार' यावर माझा आधीपासूनच विश्वास कमी.

रोड रनर मुळात स्वस्तातली गाडी. १९६८ च्या मॉडेलपासून प्लिमथने ती आणली. मोठं इंजिन, बाकी थाटमाट शक्य तितका कमी, आणि कार्टूनमधला तो पळणारा पक्षी वापरायला वॉर्नर ब्रदर्सला मोजलेले ५० हजार डॉलर. हॉर्नसुद्धा त्या पक्ष्यासारखा 'बीप बीप' वाजतो. १९७० मध्ये अशा सुमारे ४१ हजार गाड्या बनल्या, त्यामुळे नुसती रोड रनर असणं ही काही दुर्मीळ गोष्ट नव्हे. भाव ठरतो तो मूळ खरेदीदाराने ऑर्डर देताना काय काय मागितलं होतं त्यावर. साहजिकच, त्याने न मागितलेल्या गोष्टी नंतरच्या पन्नास वर्षांत लोकांनी आपापल्या हौसेने किंवा हिशेबाने बसवल्या.

फोर्डवाल्यांना हा ताप नाही. केविन मार्टी यांच्या कंपनीकडे १९६७ पासूनच्या फोर्ड गाड्यांच्या कारखान्यातल्या नोंदी आहेत. नंबर कळवा, पैसे भरा, गाडीला कुठले ऑप्शन होते त्याची यादी घरी येते. पॉन्टिअकच्या नोंदीही अशाच मिळतात. क्रायस्लरच्या इतिहास विभागाकडच्या नोंदी मात्र १९६७ च्या मॉडेलपर्यंतच, आणि प्लिमथ ही क्रायस्लरचीच. म्हणजे नेमक्या ज्या वर्षांत या कंपनीने सगळ्यात भन्नाट गाड्या बनवल्या, त्या वर्षांचं दफ्तर नाही. जे काही विचारायचं ते गाडीलाच विचारायचं.

सुरुवात अर्थातच डॅशबोर्डवरच्या नंबरापासून. ड्रायव्हरच्या बाजूला, काचेतून दिसणारी छोटी पट्टी: आरएम२३एन०जी आणि पुढे सहा आकडे. आरएम म्हणजे रोड रनर, २३ म्हणजे दोन दारांची हार्डटॉप, एन म्हणजे ३८३ घनइंचाचं, ३३५ हॉर्सपॉवरचं इंजिन, शून्य म्हणजे १९७०, जी म्हणजे सेंट लुइसचा कारखाना. एनच्या जागी आर असता तर हेमी नावाचं सगळ्यात दमदार इंजिन, व्ही असता तर तीन कार्ब्युरेटरवालं ४४०, आणि मग ती गाडी माझ्या खिशाला परवडलीच नसती. पट्टीचे रिव्हेटही बघितले. फुलाच्या आकाराचे, कुणी हात न लावलेले. ही पट्टी काढणं इथे केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे फसवाफसवी करणारेही सहसा तिच्या वाट्याला जात नाहीत.

पण हा नंबर गिअरबॉक्सबद्दल, रंगाबद्दल किंवा एअर ग्रॅबरबद्दल चकार शब्द काढत नाही. ते सगळं असतं फेंडर टॅगवर. इंजिनाच्या खोलीत, ड्रायव्हरच्या बाजूच्या आतल्या मडगार्डवर स्क्रूने बसवलेला हा छोटासा पत्रा. त्यावर ठोकलेले कोड खालच्या ओळीपासून वर वाचत जायचे. सगळ्यात खाली इंजिन, गिअरबॉक्स आणि गाडीचा नंबर, त्याच्या वरच्या ओळीत रंग, सीटचं कापड आणि उत्पादनाची तारीख, आणि त्याहून वर एकेक ऑप्शन. माझ्या गाडीत तिथे दोन स्क्रूंची भोकं होती. पत्रा गायब.

"मडगार्ड बदललं तेव्हा गेला असेल," विकणारा म्हणाला. जाऊ शकतो, खरंच. अपघातानंतर मडगार्ड भंगारात जातं, त्याच्याबरोबर टॅगही. पण जांभळ्या, चार स्पीडच्या गाडीचा नेमका टॅगच हरवलेला असला की माझ्या कपाळावर आठी येतेच.

मग कंदील, आरसा आणि जुन्या टूथब्रशने शोध. कारखान्यात नंबराचा शेवटचा भाग, म्हणजे वर्ष, कारखाना आणि ते सहा आकडे, बॉडीच्या पत्र्यावरही ठोकत. रेडिएटरच्या वरच्या आडव्या पट्टीवर तो सापडला. डिकीच्या काठावर, पाणी अडवणाऱ्या रबराखाली, दुसरा सापडला. दोन्ही डॅशबोर्डशी जुळले, म्हणजे निदान सांगाडा एकाच गाडीचा. इंजिनावरचा नंबर खाली, तेलाच्या पॅनच्या वर, प्रवाशाच्या बाजूला असतो. तिथे पन्नास वर्षांचं तेल आणि धूळ मिळून डांबरासारखा थर झालेला. तारेचा ब्रश मारायचा नाही, ठसे पुसले जातात. मिनरल स्पिरिट लावून, थांबून, कापडाने टिपत टिपत एकेक आकडा वर आणला. जुळला. चारपैकी पहिली गोष्ट खरी.

गाडी अजून विकणाऱ्याच्याच शेडमध्ये होती तेव्हाच हे सगळं मी उरकलं. किंमत ठरवताना एवढ्याचेच पैसे धरले: खरी रोड रनर, तिचं स्वतःचं इंजिन, बाकी अज्ञात. त्याला ते आवडलं नाही. पण त्यानेही गाडी दुसऱ्याकडून घेतलेली, आणि त्याला जे सांगितलं गेलं तेच तो मला सांगत होता. शेवटी व्यवहार झाला.

घरी आल्यावर गाडी जॅकवर घेतली आणि गिअरबॉक्सचा निकाल एका संध्याकाळी लागला. त्याच्या खोक्यावरही गाडीचा नंबर ठोकलेला असतो. इथे सुरुवातच '०ए'ने होती. ए म्हणजे डेट्रॉइटचा लिंच रोड कारखाना, सेंट लुइस नव्हे. गिअरबॉक्स १९७० चाच, प्लिमथ-डॉजचाच, पण कुठल्यातरी दुसऱ्या गाडीच्या पोटातला. तरी कुणी म्हणेल की मूळचा चार स्पीडचा बिघडला म्हणून दुसरा घातला असेल. म्हणून कार्पेट उचललं. चार स्पीडच्या गाडीत गिअरच्या जागेसाठी फ्लोअरवर कारखान्यातच एक पत्र्याचा उंचवटा बसवलेला असतो, स्पॉट वेल्डिंगने, ठिपक्याठिपक्यांनी जोडलेला. माझ्या गाडीत उंचवटा होता, पण कडेने मिग वेल्डिंगची सलग, जाड रेघ गेलेली. काम चांगलं होतं, त्यात वाद नाही. फक्त ते सेंट लुइसमध्ये झालेलं नव्हतं. वर तो सुंदर लाकडी पिस्तूल ग्रिपचा लीव्हर होता. हात पडला की गाडी विकत घ्यावीशी वाटते असा. त्याचसाठी तो बसवला होता.

रंगाचं प्रकरण जास्त रंगलं. १९७० मध्ये प्लिमथच्या जांभळ्या रंगाचं नाव होतं इन-व्हायोलेट. तोच रंग डॉजच्या गाडीवर गेला की त्याला प्लम क्रेझी म्हणत. त्या काळच्या भडक रंगांत आज याला मोठी मागणी. माझ्या गाडीवरचा रंग नीट केलेला होता. दारांच्या कडा, डिकीची आतली बाजू, इंजिनाची खोली, सगळीकडे जांभळा. सहसा रंगवणारा एवढे कष्ट घेत नाही, त्यामुळे माझा एक मित्र, जो आयुष्यभर याच कंपनीच्या जुन्या गाड्यांवर काम करतोय, सुरुवातीला म्हणाला की हा खरा असावा. पण त्यानेच सांगितलं, की जिथे बघणारा कधी बघत नाही तिथे बघ.

मागच्या सीटशेजारची आतली पॅनेलं काढली. त्यांच्या मागे पत्र्यावर रंगाचा फवारा उडालेला असतो, आणि पुन्हा रंगवताना तिथपर्यंत कुणी जात नाही. तिथे होता बेज. फिकट, वाळूसारखा. मग इंजिनाच्या खोलीत, एका कंसाच्या आडोशाला, पाणी लावून बारीक पॉलिश पेपरने नखाएवढी जागा घासत गेलो. वर जांभळा. त्याखाली लाल. लालखाली राखाडी प्रायमर. त्याखाली पुन्हा तोच बेज, आणि बेजखाली कारखान्याचं प्रायमर. वर्तुळावर्तुळांनी सगळा इतिहास एका इंचात आला. प्लिमथच्या त्या वर्षीच्या यादीत या रंगाचं नाव सँडपेबल बेज, कोड बीएल१.

बायको गॅरेजमध्ये डोकावली, आणि तो ठिपका बघून म्हणाली, "इतकं खरवडून शेवटी आपल्या हॉलच्या भिंतीचा रंग सापडला होय!"

आता कागदाचा शोध. क्रायस्लरच्या कारखान्यांत प्रत्येक गाडीसाठी एक छापील तक्ता निघत असे, त्याला ब्रॉडकास्ट शीट म्हणतात. लाइनवर कुठल्या ठिकाणी या गाडीला काय लावायचं, ते त्या चौकटींमधल्या आकड्यांवरून कामगाराला कळे. काम झालं की कागदाचा उपयोग संपला. मग तो मागच्या सीटच्या स्प्रिंगांत, कार्पेटखाली, ग्लोव्ह बॉक्सच्या वर, पेट्रोलच्या टाकीच्या वर, असा कुठेही सापडतो. किंवा सापडतच नाही.

माझा मामा कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्समध्ये होता, फियाट-पद्मिनीच्या काळात. तिथे या प्रकरणाचा एक धागा आहेच. वालचंद हिराचंदांनी तो कारखाना काढला तो क्रायस्लरशी करार करून, आणि १९४७ पासून कुर्ल्यात डॉज, डिसोटो, प्लिमथ या नावांच्या गाड्या जोडल्या जात होत्या. फियाट नंतर आली. मामाला फोनवर हा सगळा उद्योग सांगितला तर तो हसायलाच लागला. "अरे, आमच्याकडेही गाडीबरोबर कार्ड फिरायचं. लाइनवरच्या माणसाला कार्ड जपायचं नसतं, गाडी पुढे ढकलायची असते. हाताला लागेल त्या फटीत कोंबलं की तो मोकळा. तू त्याला दस्तऐवज म्हणतोस, आम्ही कचरा म्हणायचो."

हे वाक्य मला पुढे फार उपयोगी पडलं.

मागची सीट उचलली. स्प्रिंगांच्या आणि गोणपाटाच्या मधे, तपकिरी झालेला, घडी पडलेला कागद. त्या क्षणी मला झालेला आनंद लपवण्यात अर्थ नाही. जागचा न हलवता आधी फोटो काढले. पन्नास वर्षं गंजलेल्या तारेला टेकून राहिलेला कागद पापडाइतका ठिसूळ असतो, उलगडायला गेलं की हातात तुकडे. त्यासाठी झाकणाचा प्लास्टिकचा डबा घेतला, तळाशी ओला स्पंज, त्यावर जाळी, जाळीवर कागद. पाणी कागदाला लागू द्यायचं नाही, नुसती दमट हवा. सकाळपर्यंत तो मऊ पडला होता. टिपकागदांच्या मधे घालून वर काच ठेवली आणि वाळू दिला.

मग नंबर वाचला: आरएच२३जी०जी. एम नाही, एच. एन नाही, जी. हा रोड रनरचा कागदच नव्हता. प्लिमथ सॅटेलाइट, दोन दारांची, ३१८ चं साधं इंजिन, तीही १९७० ची, तीही सेंट लुइसची. लाइनवर मागेपुढे असलेल्या गाडीचा कागद माझ्या सीटमध्ये. असं होतं, हे मी ऐकून होतो. सीट वेगळ्या ठिकाणी तयार होत, कागद त्यांच्याबरोबर जाई, आणि एकाची पत्रिका दुसऱ्याच्या हातात पडे. मामाचा 'कचरा' आठवला.

जो कागद मिळाला तो आपल्याच गाडीचा, असं समजून त्याच्या आधारावर गाड्या विकणारे लोक आहेत. नंबराचा भाग फाटलेला असला तर काम आणखीच सोपं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की नंबर नसलेला ब्रॉडकास्ट शीट दाखवून कुणी जास्त पैसे मागितले, तर चहा पिऊन उठावं.

दुसरा कागद ग्लोव्ह बॉक्स बाहेर काढल्यावर मिळाला, त्याच्या पुठ्ठ्याच्या पाठीवर चिकटलेला. हा बराच शाबूत, पण उजवा खालचा कोपरा उंदरांनी कुरतडून नेलेला. पुन्हा डबा, स्पंज, टिपकागद. आणि या वेळी नंबर जुळला, शेवटच्या आकड्यापर्यंत.

तारखेच्या चौकटीत सी११. या पद्धतीत १ ते ९ हे जानेवारी ते सप्टेंबर, आणि ए, बी, सी म्हणजे ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. म्हणजे ११ डिसेंबर १९६९, गुरुवार. ही ठरवलेली तारीख, प्रत्यक्षात गाडी एक-दोन दिवस इकडेतिकडे बाहेर पडली असेल. रंग बीएल१. इंजिन ई६३, म्हणजे तेच ३८३. गिअरबॉक्सच्या जागी डी३२, टॉर्कफ्लाइट ऑटोमॅटिक. इथे तो वाद कायमचा मिटला. मग बाकीची किरकोळ मंडळी: पॉवर स्टिअरिंग, पॉवर ब्रेक, एएम रेडिओ, आतून हलवता येणारा डावा आरसा, तीन वेगांचे वायपर, २६ इंची रेडिएटर.

मला सगळ्यात जास्त भरवसा या किरकोळ मंडळींनी दिला. एकेक गाडीत जाऊन तपासली. वायपरचा स्विच तीन वेगांचा, आरशाची दांडी दारात, रेडिएटर २६ इंची. तीन वेगांच्या वायपरसाठी कुणी गाडीचा भाव वाढवून देत नाही, म्हणून ते खोटे बसवायला कुणी जात नाही. खोटेपणा सगळा चार स्पीड, जांभळा रंग, बॉनेटवरचे पट्टे, असल्या मिरवायच्या गोष्टींत. तपासणीच्या कामातही असंच असतं. ज्या आकड्यावर कुणाचा बोनस अवलंबून नाही, तो आकडा बहुधा खरा.

उरला एअर ग्रॅबर. १९७० ला ही गंमत नवीन होती. डॅशबोर्डखालचा स्विच दाबला की व्हॅक्यूमने बॉनेटमधली झडप वर उघडते, आणि तिच्या बाजूंवर शार्कच्या दातांचं चित्र दिसतं. शेजारच्या गाडीवाल्याला सिग्नलला घाबरवण्याखेरीज तिचा मोठा उपयोग असेल असं मला वाटत नाही, पण लहान मुलं अजूनही बघत उभी राहतात. तिचा कोड एन९६, आणि नेमकी एनची चौकट उंदरांच्या पोटात.

असली बॉनेटं बाहेरून आणून बसवता येतात. मित्राचं म्हणणं, ज्याने गिअरबॉक्स आणि रंग खोटा केला त्याने बॉनेटही केलंच असणार. तर्क बिनतोड वाटत होता. पण सवयीप्रमाणे पॉलिश पेपर घेऊन बॉनेटच्या आतल्या बाजूला, मजबुतीच्या पट्टीच्या कडेला, नखाएवढी जागा घासली. जांभळा, लाल, राखाडी, बेज, आणि कारखान्याचं प्रायमर. गाडीवर होता तोच क्रम. नंतर आणलेलं बॉनेट असतं तर बेज आलाच नसता. आणि भाव वाढवायला एअर ग्रॅबर बसवणारा माणूस आधी तो बेज रंगात रंगवून घेण्याचा उपद्व्याप कशाला करेल? आत स्विचच्या पट्टीवरही जुनी, एकसारखी धूळ होती, आणि तिथून निघालेली व्हॅक्यूमची नळी दगडासारखी कडक झालेली.

बेज रंगाच्या दुसऱ्या एखाद्या रोड रनरचं बॉनेट असण्याची बारीकशी शक्यता राहतेच. म्हणून गाडीच्या फाइलमध्ये मी तिथे 'सिद्ध' न लिहिता 'बहुधा मूळचा' असं लिहिलं, आणि थरांचे फोटो जोडले. मित्राला ते पटलं नाही. तो म्हणतो, एवढा पुरावा असताना बिनधास्त लिही. आमचं यावर अजून जमलेलं नाही.

त्या पहिल्या खरेदीदाराचं मात्र मला कौतुक वाटतं. डिसेंबर १९६९ मध्ये कुणीतरी ३३५ हॉर्सपॉवरची, बॉनेटमधून शार्क बाहेर काढणारी गाडी मागवली, आणि ती बेज रंगात, ऑटोमॅटिक, पॉवर स्टिअरिंगसकट. शनिवारी रात्री शर्यत आणि रविवारी सासूबाईंना चर्चला सोडणं, दोन्हीची सोय. अशी जोडणी आज कुणी मुद्दाम करणार नाही, आणि म्हणूनच ती मला जांभळ्यापेक्षा जास्त आवडते.

नवीन फेंडर टॅग बनवून मिळतो. माझ्या कागदावरचे कोड दिले तर हुबेहूब ठोकून देणारे लोक आहेत. तो मी करणार नाही. पुढच्या मालकाला ती दोन रिकामी भोकं आणि कागदाची प्रत दिसू दे. टॉर्कफ्लाइट शोधतोय, १९७० चा, घाई नाही. रंगाचं घरात बहुमत जांभळ्याकडे आहे, त्यामुळे तो विषय सध्या मी काढत नाही.

सॅटेलाइटचा तो कागद काचेत, अॅसिड नसलेल्या पुठ्ठ्यावर, सुरक्षित आहे. त्यावर गाडीचा पूर्ण नंबर, रंग आणि सगळे ऑप्शन आहेत, एकही कोपरा उंदरांनी खाल्लेला नाही. १९७० ची सेंट लुइसची, ३१८ इंजिनाची दोन दारांची सॅटेलाइट कुणाकडे असेल, किंवा कुणाच्या ओळखीत असेल, तर डॅशबोर्डवरचे शेवटचे सहा आकडे मला कळवा. जुळले तर कागद तुमचा, टपालखर्च माझा. फक्त आधी पट्टीचा फोटो पाठवा.